चाळीस मुलींचे वडील बँकेत

आमच्या सरकारी कन्या शाळेत इंग्रजीचा प्रोजेक्ट लिहायची एक ठरलेली रीत आहे. मी गाइडमधला निबंध फळ्यावर उतरवते, मुली फळ्यावरून कॉपीत, म्हणजे वहीत, उतरवतात आणि मी बरोबरच्या खुणा करते. त्या वर्षी विषय होता 'माझे वडील'. गाइडमधले वडील बँकेत अधिकारी होते, त्यामुळे नववीतल्या चाळीस मुलींचे वडील एका तासात बँकेत लागले. कुणी रिक्षा चालवायचे, कुणी राम घाटावर फुलं विकायचे. पण विचारतंय कोण?

एकेचाळिसावी निहारिका. भैरवगढ वस्तीतली. तिचे वडील कापडावर ठप्पे मारून छपाई करायचे. तिनं फळ्याकडे न बघता आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत पानभर लिहिलं. मी लाल पेन घेऊन बसले आणि अकरा चुका काढल्या.

तेवढ्यात आमचे प्राचार्य जयंत सर आले. "अलकाताई, भोपाळहून टीम येऊन राहिली आहे. मुलींची पातळी किती सुधारली ते बघणार. कॉप्या एकदम साफ पाहिजेत, काटछाट दिसली तर आपलीच आफत."

मी निहारिकेला उभं केलं. "ये पन्ना निकाल, बोर्डवाला लिख."

"पर मैडम, मेरे पापा बैंक में नहीं हैं."

"निबंध में हैं," मी म्हटलं. वर्ग हसला, मीही हसले. तिनं पान फाडलं आणि स्वतःच्या हातानं कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

टीम खूश झाली. 'सराहनीय सुधार' असं लिहिलेलं प्रशस्तिपत्र अजून स्टाफरूममध्ये लटकतंय. ते दिसलं की माझं डोकं फिरतं.

फेब्रुवारीत निहारिका पंधरा दिवस आली नाही. वडील छपाई करता करताच कोसळले आणि गेले. तेरावं उरकून ती आली, ती मधल्या सुट्टीत सरळ माझ्यापाशी.

"मैडम, वो पन्ना आपने रखा है क्या?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मम्मी को सुनाना था. फिर से लिखने बैठती हूँ, तो बोर्डवाला ही याद आता है." तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आशा होती, आणि तीच मला सहन होईना. "आपने तो पूरा पढ़ा था ना, मैडम? बताइए ना, मैंने पापा का क्या लिखा था?"

मी डोळे मिटून ते पान आठवलं. निळ्या हातांचं काहीतरी होतं. पुढे क्रियापदाला 'एस' नव्हता, नदीच्या नावाआधी 'द' राहिला होता, दोन ठिकाणी पूर्णविराम नव्हते.

अकराच्या अकरा चुका मला जशाच्या तशा आठवल्या. तिचे वडील काही केल्या आठवेनात.