हज्जाचा डावा पाय

मी बोलतेय. खार्तूम विमानतळाच्या कुंपणापाशी इंजिनं नसलेलं एक विमान उभं आहे ना, तीच मी. उजवीकडे चाकं आहेत, डावीकडे लाकडाचे ओंडके. आज मला फार धाकधूक होतेय. जिला सांगायला हवं होतं तिच्यापर्यंत माझा आवाज पोचला नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तरुणपण तिकडेच गेलं. मग सांधे कुरकुरू लागले आणि मला विकलं. आमच्यातल्या म्हाताऱ्यांना आखातात कोणी विचारत नाही. तिथल्या श्रीमंत कंपन्यांना कोरी करकरीत विमानं लागतात. आमची पाठवणी सुदानला, नाहीतर येमेनला, लिबियाला. जेद्दाला त्या झुळझुळीत पोरींच्या शेजारी उभं राहायची वेळ आली की मी अंग चोरून घ्यायचे. तिथून तशीच इंधन पिऊन परतायचे.

पण इथल्या माणसांनी मला जीव लावला. हजला निघालेल्या कोर्दोफान प्रांतातल्या म्हाताऱ्या आत येताना माझ्या दाराला थोपटायच्या, उंटाला थोपटतात तसं. परतताना मक्केच्या झमझम विहिरीच्या पवित्र पाण्याचे डबे मांडीवर घट्ट धरून बसायच्या. इतक्या वेळा मक्केच्या वाटेवर गेले, म्हणून कारागीर मला 'हज्जा', म्हणजे हज करून आलेली बाई, म्हणू लागले. मला ते नाव आवडायचं. आता त्याच नावाची भीती वाटते.

एकदा उतरताना समोरून धुळीची भिंत चालून आली. धावपट्टी दिसेना. मी डाव्या चाकांच्या पायावर आदळले आणि आत काहीतरी 'कट्' झालं. पाय जिथे अंगाला जोडलाय तिथे केसाएवढी चीर गेली. माणसं मात्र सगळी सुखरूप उतरली. मग रीतीप्रमाणे मेंढा कापला, मांस वाटलं आणि रक्तात बुडवलेला पंजा माझ्या त्याच पायावर उमटवला, नेमका चिरेवर. पुढे रंगाऱ्याने तो पंजा लाल रंगाने गिरवला, पुसला जाऊ नये म्हणून. तपासणी करायची होती खरी, पण जिच्यावर एवढी कृपा झाली तिला तपासायचं कसलं?

पुढे देशावर निर्बंध आले आणि बाहेरून सुटा भाग मिळेनासा झाला. मग माझ्यातूनच काढायला लागले. आधी इंजिनं गेली, मग काचा, मग खुर्च्या. ज्या विमानात माझं काही बसवलं ते विमान कारागिरांना अधिकच भरवशाचं वाटे. "हज्जाचं आहे," एवढं म्हटलं की पुढे कोणी बोलत नसे.

परवा माझी धाकटी बहीण लंगडायला लागली. आमच्या कंपनीत उडणारी ती एकटीच उरलीय. कैरोला औषधपाण्यासाठी जाणारे लोक तिच्यातूनच जातात. तिच्यासाठी माझा डावा पाय काढायचं ठरलं.

पाय काढायला आले उस्ता, म्हणजे उस्ताद, बाबिकर, ज्यांची हयात या आवारात गेली, आणि तुमादिर, नुकतीच कॉलेजातून आलेली इंजिनीअर. पोरगी भित्री आहे. हातोडा पडला तरी दचकते. पण पाय खाली उतरवल्यावर तिने त्यावरून नख फिरवलं आणि तिथेच थांबली.

"उस्ता, चीर दाखवणारं औषध संपलंय. रंग खरवडून बघू?"

"हज्जाचा पाय? उद्या झमझमचं पाणी उकळून पिशील."

"पाणी पडत नाही, उस्ता. विमान पडतं."

"तोंड धुऊन ये आधी. काय बोलतेस सकाळी सकाळी." मग पातं तिच्या हातात देऊन म्हणाले, "बरं, खरवड. तुझ्या मनाची शांती होऊ दे. फक्त तो पंजा सोड."

ती खालून वर खरवडत आली. चकचकीत धातू निघत होता. पंजाच्या मनगटाशी तिचं पातं आलं. अजून बोटभर, पोरी. बोटभरच.

"उस्ता, हाही काढते."

"त्या मेंढ्याचं मांस तुझ्या बापानेही खाल्लंय," उस्ता शांतपणे म्हणाले. "याच पायाखाली बसून. त्या दिवशी तोही आत होता. जीव वाचला म्हणून रडत होता बिचारा. आता तू पुसणार तो पंजा?"

तिचा बाप गेल्याला फार दिवस झाले नाहीत. तिने पातं खाली घेतलं. पंजावर हलकेच हात ठेवला, तोच हात कपाळाला लावला आणि म्हणाली, "नाही. बाकी सगळं स्वच्छ आहे."

मी ओरडले. वाऱ्याने पत्रा वाजला, एवढंच त्यांना ऐकू आलं. तुमादिर दचकली आणि स्वतःशीच हसली.

इथल्या कारागिरांचा एक नेम आहे. ज्याने भाग बसवला त्याने पहिल्या फेरीला त्याच विमानात बसायचं. धाकटीला पाय बसला, आणि आज सकाळी तुमादिर साडीसारखा धुतलेला तोब नेसून आली.

"घाबरतेस कशाला?" बाबिकर म्हणाले. "मीही येतोय. कैरोत जावयासाठी चपला घ्यायच्यात. इथल्या त्याला चालत नाहीत, नवाबाला."

"तुम्ही शेजारी बसणार असाल तर मी येत नाही, उस्ता. तुम्ही घोरता."

धाकटीकडे जाताना ती वाट वाकडी करून माझ्याजवळ आली. दाराला थोपटलं, त्या म्हाताऱ्या थोपटायच्या तसंच. "हज्जा, दुआ कर गं," म्हणाली.

कसली दुआ करू? माझ्यापाशी बरकत कधीच नव्हती, बाबांनो. त्या दिवशी माझं नशीब चांगलं होतं, तेवढंच. ते कोणाला काढून देता येत नाही. ज्याच्यावर तुमची श्रद्धा आहे, ते आधी खरवडून बघत जा. श्रद्धा खरी असेल तर खालचा धातूही चांगलाच निघेल.

धाकटी धावली. चाकांनी जमीन सोडली आणि कुंपणापलीकडच्या पोरांनी हात हलवले. तिने पाय पोटाशी घेतले, माझा डावाही. वर असेपर्यंत त्या पायाला काही काम नाही. आत चहा फिरत असेल, तुमादिरला जरा हायसं वाटलं असेल.

माझं ओंडक्यांवर बरं चाललंय. तिला मात्र उतरायचं आहे.