यंत्राचे तीन अल्बम

अक्कांनी भावाला शब्द दिला होता, आणि अक्कांचा शब्द म्हणजे त्या घरात काळ्या दगडावरची रेघ. “लोकांची मतं बदलली आहेत. तू चल, मी सांगते ना,” एवढे त्या म्हणाल्या आणि सत्तरीला टेकलेला, तरीही घरात ‘धाकटा’च राहिलेला तो गृहस्थ निमूटपणे बूट घालून निघाला.

मतं बदलायला पुष्कळ वर्षे लागली होती. धाकटा ज्या रॉक बँडमध्ये होता, त्याची ख्याती वीस-वीस मिनिटांच्या गाण्यांची आणि डोंगर चढावा तशी चढत जाणाऱ्या गिटारीची. पुढे बँडने विजेवर सूर काढणारा सिंथेसायझर आणला, तो वाजवायला धाकट्याला घेतले आणि लागोपाठ तीन अल्बम काढले. चाहत्यांनी त्यांना ‘यंत्राचे अल्बम’ असे नाव ठेवले आणि नाके मुरडली. मैफलीत धाकट्याचा एकट्याचा भाग सुरू झाला, की पुढच्या रांगा उठून रंगमंचाकडे पाठ करून उभ्या राहत. ती त्यांची रीतच पडून गेली. लोकांच्या पाठींकडे बघत माणूस किती दिवस वाजवील? तिसऱ्या अल्बमनंतर तो बाहेर पडला आणि श्रवणयंत्रांच्या दुकानात नोकरीला लागला. “ज्यांना ऐकू येत नाही, त्यांची सेवा त्याने आधीच सुरू केली होती,” असे अक्का येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवीत. धाकटा मात्र चार माणसांत संगीताचा विषय निघाला, की उठून पाणी प्यायला जाई.

आणि आज त्याच चाहत्यांच्या मंडळाने त्याला सन्मानाने बोलावले होते. तिन्ही अल्बमची नवी आवृत्ती निघाली होती. ते सगळ्यांनी मिळून पुन्हा ऐकायचे, त्यांचे खरे मोल मान्य करायचे आणि शेवटी धाकट्याने नवा संच हातात धरून छायाचित्र काढून घ्यायचे, असा बेत होता.

रेकॉर्डच्या दुकानात मधली मांडणी भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. माणसे बहुतेक साठीच्या पुढची, पोटावर ताणलेले बँडचे टी-शर्ट घातलेली. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. ते उभे राहिले आणि गंभीर आवाजात म्हणाले, “मित्रहो, आपण चुकलो होतो. हे अल्बम थोर आहेत, हे कबूल करायला आपल्याला फार उशीर झाला.”

अक्कांचा कणा दोन बोटे ताठ झाला. पहिल्या रांगेत बसून त्यांनी भावाकडे असे पाहिले, की जणू हे वाक्य त्यांनीच डॉक्टरांकडून पाठ करून घेतले होते.

पहिले गाणे लागले. लोकांनी डोळे मिटले. अक्का दुसऱ्या कडव्याची वाट पाहत होत्या. हे गाणे बसवताना धाकट्याने एक अख्खा हिवाळा त्यांच्या शेजारच्या खोलीत काढला होता. दुसऱ्या कडव्यानंतर तळातून एक घरघरता सूर उठायचा, हळूहळू चढायचा आणि सगळे गाणे खांद्यावर घेऊन चालू लागायचा. “बंद कर ती तुझी गिरणी!” असे त्या तेव्हा भिंतीवर थापा मारून ओरडायच्या, पण उभ्या आयुष्यात एवढा एकच सूर त्यांना पाठ होता.

दुसरे कडवे संपले. गिरणी आली नाही. तिच्या जागी गिटार आली, चकचकीत आणि ऐटबाज. कुठेतरी मागे, शेजारच्या इमारतीत कोणी पंखा लावावा, तशी बारीकशी घरघर होती. गाणे संपताच टाळ्यांचा कडकडाट झाला. अक्कांनी भावाकडे पाहिले. तोही टाळ्या वाजवीत होता. दुसऱ्याच्या कौतुकाला पाहुण्याने वाजवाव्यात तशा.

अक्का उठल्या.

“अक्का, बस ना गं,” धाकटा पुटपुटला. “जाऊ दे.”

“तू गप्प राहा. डॉक्टर, यातली गिरणी कुठे गेली?”

“गिरणी?”

“याचा सूर. ज्यासाठी तुम्ही याला बोलावलंत, तो.”

डॉक्टरांचा चेहरा उजळला. “अहो, तीच तर गंमत आहे, ताई! आम्हीच कंपनीच्या मागे लागलो. म्हटलं, सिंथेसायझर जरा मागे घ्या, गिटार पुढे आणा. आणि काय सांगू, तेव्हा कुठे कळलं, की गाणी मुळात किती सुंदर आहेत!”

“अस्सं,” अक्का म्हणाल्या. हे ‘अस्सं’ ऐकले, की त्यांच्या घरात सुना भांडी खाली ठेवून उभ्या राहत. “म्हणजे दुखरा दात आधी उपटलात, आणि आता तोंडभर हसून सांगताय, दात बरा झाला! तुमच्या दवाखान्यात असंच चालतं का?”

मागे कोणीतरी फिस्सकन हसले.

“ताई, गैरसमज होतोय. आम्ही तर सरांचा मान...”

“मान? याच्या तोंडावर याला पुसून टाकलंत आणि वर त्याच्याच हातून टाळ्या वाजवून घेतल्यात! तेव्हा तुम्ही पाठ फिरवायचात, ते परवडलं. निदान कळायचं तरी, की तुम्ही याच्यावरच रागावलाय. मी याला शब्द देऊन आणलंय, की लोकांची मतं बदलली. तुमची मतं तसूभर बदललेली नाहीत. तुम्ही फक्त गाणं बदललंत. दुकानदार, जुनी रेकॉर्ड आहे?”

“आहे की,” दुकानदार म्हणाला.

“ताई, वेळेचं जरा...” डॉक्टर चाचरले.

“वेळेचं याला सांगा, याची वर्षं गेलीत. लावा हो तुम्ही.”

जुनी रेकॉर्ड फिरू लागली. दुसऱ्या कडव्यानंतर सूर उठला, चढला आणि दुकानाच्या काचेने धरला. काच बारीक थरथरू लागली. काहीजण खाली बघत राहिले. एका बाईंनी मान किंचित कलती करून, हरवलेले काही सापडावे तसे ऐकले. डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि त्या त्यांना लपवता येईनात. धाकट्याची बोटे मात्र मांडीवर हलत होती.

गाणे संपले. टाळी पडली नाही. मग शेवटच्या रांगेतून भूगोलाचे एक निवृत्त मास्तर हाताची घडी सोडून उठले.

“मला नाही आवडलं,” ते म्हणाले. “तेव्हाही नव्हतं. पाठ फिरवणाऱ्यांत मी पहिला. बाईंचं खरं आहे, हे नवं प्रकरण म्हणजे लबाडी आहे. पण हा सूर गाणं गिळून टाकतो, हे मी आजही म्हणेन.”

अक्कांनी तोंड उघडले. पण त्यांच्या आधी धाकटा बोलला.

“कुठे गिळतो?”

“दुसऱ्या कडव्यापाशी. गायकाचा एक शब्द कळत नाही.”

“ते शब्द तुम्ही वाचलेत कधी?” धाकटा म्हणाला. “नाही कळले तेच बरं आहे, म्हणून तर मी एवढ्या जोरात वाजवलं!”

दुकान हसले. मास्तरही हसले, पण हटले नाहीत. “आणि तिसरा अल्बम तर याहून वाईट.”

“पहिली बाजू की दुसरी?”

“दुसरी.”

“दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही हं, मास्तर! इकडे या. असे लांबून काय बोलताय?”

तेवढ्यात डॉक्टरांनी नवा संच त्याच्या हातात दिला आणि छायाचित्रकाराला खूण केली. धाकट्याने संच उलटासुलटा करून पाहिला आणि शांतपणे परत केला. “छान दिसतोय. पण हा माझा नाही, डॉक्टर. गिटारवाल्याला बोलवा.”

मग त्याने खुर्ची मास्तरांकडे वळवली. “अक्का, तू हो पुढे. मला वेळ लागेल.”

अक्का जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांना माफी हवी होती. भर सभेत, मान खाली घालून मागितलेली. ती एकानेही मागितली नव्हती, आणि हा वेडा मात्र पाठ फिरवणाऱ्यांच्या पुढाऱ्याशी गुडघ्याला गुडघा लावून वाद घालायला बसला होता. असल्या माणसाच्या हाती भावाला सोपवून घरी जायला अक्का काही खुळ्या नव्हत्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि मास्तरांच्या बरोबर समोर ठाण मांडले.

“हं, बोला,” त्या म्हणाल्या. “काय वाईट आहे दुसऱ्या बाजूत?”