उलटं धरलेलं पुस्तक

(अंक पहिला. दुकान.)

डिचोलीच्या बसस्टँडसमोर गोकुळदासांचं भुसारी दुकान. म्हापशाहून चारची बस आली की कॉलेजातून परतलेली त्यांची मुलगी तनया आधी दुकानात येई. गोकुळदास घसा खाकरत. तिच्या हातातलं वाचनालयाचं पुस्तक घेत, उलटं धरत आणि भर दुकानात दोनदा झटकत. चिठ्ठी पडली नाही तरी समाधान होत नसे. उलट संशय वाढे. म्हणजे हिनं आधीच काढून ठेवली!

वाचकहो, ते शहाऐंशी साल होतं. कोंकणी की मराठी, या वादात काखेतलं पुस्तक बघून लोक माणसाची बाजू ठरवत. गोकुळदास एक पाऊल पुढे गेले होते, इतकंच.

अशात तनयाला गौरेशचं स्थळ सांगून आलं. पंचायतीत कारकून. कविता कोंकणीत लिही, नाटकं मराठीत करी.

"दोन्हीकडे पाय! असल्या माणसावर विश्वास कित्याक ठेवायचा?"

"मग त्यालाच विचारा ना," गोकुळदासांची बायको शेवंती म्हणाली.

"तोंडावर खोटं बोलेल. नाटकात माणूस उघडा पडतो. मी तालीम बघणार."

(अंक दुसरा. तालीम.)

रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात जत्रेच्या नाटकाची रंगीत तालीम होती. शेवंती पुढे बसली. गोकुळदास खांबाआड. शेजारी दिग्दर्शक कृष्णनाथ मास्तर.

गौरेशकडे खलनायकाचं काम होतं, मुलीला जाचणाऱ्या बापाचं. तो आला, दारात अर्धा उभा राहिला, खाकरला. मुलीचं काम करणाऱ्या शालिनीबाई दचकल्या. त्यानं त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं, उलटं धरलं, झटकलं. एकदा. दोनदा. "कोणाची चिठ्ठी होती? बोल!" त्या थरथर कापू लागल्या, आणि खांबाआड गोकुळदासांचे डोळे भरून आले.

मंडपात कोणीतरी फिसकन हसलं.

गोकुळदास ताडकन उठले. "बंद करा! मास्तर, हे शिकवून येत नाही, रक्तात असावं लागतं! असा माणूस माझ्या घरात नको!"

शेवंतीनं मागे वळूनही पाहिलं नाही. "असा माणूस बावीस वर्षं आहे आपल्या घरात."

(हे वाक्य संहितेत नव्हतं.)

गौरेशनं खोटी मिशी ओढून काढली. "काका, मी रोज त्याच बसनं येतो. ते झटकणं दिसायचं... चुकलो. आजच तो प्रसंग काढून टाकतो."

"कट आहे हा! सगळे सामील आहात!"

"कसला कट, गोकुळदासबाब?" मास्तर हळूच म्हणाले. "खांबाआड तर तुम्हीच बसला होता. तुम्ही त्याचं रक्त तपासायला आला होता. कला आधी बघणाऱ्यालाच उजेडात धरते, तो कितीही आड बसला तरी. तो बाप तुम्हाला राक्षस वाटला, खरं ना? आणि त्या मुलीसाठी तुम्ही रडलात, तेही मी पाहिलं. राक्षस तुमचा, रडणंही तुमचंच. आता यातलं काय घेऊन घरी जायचं, ते ठरवा."

गोकुळदासांनी खाकरण्यासाठी घशाशी हात नेला. तसाच खाली घेतला. अरेरे! पोर बसमधून उतरताना रोज अशीच दचकत असेल?

"काढू नको रे," ते गौरेशला म्हणाले. "जत्रेला सगळ्या गावाला दिसू दे. फक्त खाकरतोस फार. इतकं मी खाकरत नाही."

"खाकरता," शेवंती म्हणाली.

मंडप हसला. गोकुळदासही हसले, जरा उशिरा.

(अंक तिसरा. घर.)

"तनया, गौरेशबद्दल तुझं काय मत?"

तिनं आईकडे पाहिलं. या घरात हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता.

"विचार करून सांगते, बाबा."

"सांग. घाई नाही." तिच्या हातातल्या पुस्तकाकडे बघत ते म्हणाले, "आणि त्या पुस्तकात... आहे तरी काय, ते सांगशील?"

ती सांगू लागली. बंधूंनो, भगिनींनो, पुस्तक असो, गाणं असो, नाटक असो, त्यात दुसऱ्याचा दोष शोधायला बसाल तर स्वतःचा चेहरा बघायची तयारी ठेवा. आणि तो दिसला, तर नटावर रागावू नका.