इवालूची केकची पाळी

डेन्मार्कमधल्या ओल्बोर्गच्या त्या शाळेत सहावीला शुक्रवारच्या शेवटच्या तासाला केक लागायचा म्हणजे लागायचाच. पाळीपाळीने एकेकाच्या घरून यायचा आणि तो खाता खाता आठवडाभराची भांडणं मिटायची. बेंटे तीस वर्षं शिकवत होती; तिकडे पोरंही बाईंना नावानेच हाक मारत, अगं-तुगं करत. तिच्या वर्गात भांडण टिकत नाही, असं शाळाभर कौतुक. तिच्या टेबलावर एक लाल बटण असे. कुणाचं काही बिनसलं की त्याने येऊन ते दाबायचं, सगळ्यांनी ‘जाऊ दे!’ ओरडायचं, संपला विषय. पेन्सिल हरवली, खेळात हरलो, तेवढ्यापुरतं ठीकच होतं हो ते.

त्या शुक्रवारी पाळी इवालूची होती. मायलेकी ग्रीनलँडच्या, दोघीच राहायच्या. आई नायाने पहाटे उठून मनुकांचा केक केलेला. इवालूने तो कापायला घेतला, तोच आस्गरने नाक दाबलं.

"ई! सीलच्या चरबीचा वास येतोय. हिच्या आईने झोकून केला असणार. ग्रीनलँडवाले सगळे बेवडेच!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले, आणि पोरांनी ताटल्या मागे सरकवल्या.

बेंटेने शब्दन् शब्द ऐकला होता. पण आता रागावलं तर तासाचा विचका होईल, आस्गर तोंड फुगवून बसेल, सोमवारी त्याच्या बापाचं लांबलचक पत्र येईल. ती गोड आवाजात म्हणाली, "अरे अरे, शुक्रवार आहे ना आज? इवालू, ये बाळा, दाब बघू बटण."

इवालू आली. तिने बटण दाबलं. वर्ग ओरडला, "जाऊ दे!" आस्गर सगळ्यांत मोठ्याने ओरडला. आणि बेंटेने टाळ्या वाजवल्या. टाळ्या!

सोमवारपासून इवालू आलीच नाही. गुरुवारी शाळा सुटल्यावर नाया आली. अंगावर इस्पितळातल्या कामाचेच कपडे होते.

"पोरगी म्हणते, दुसऱ्या शाळेत घाल. केक तसाच परत आला, त्याचं काय झालं ते सांगत नाही. तू होतीस ना तिथे?"

"अगं, पोरांची थट्टा गं," बेंटे म्हणाली.

"कसली थट्टा? सांग की, मलाही हसू दे."

जमिनीकडे बघत बेंटेने ते शब्द नायाला जसेच्या तसे सांगितले, आणि बटणाचंही सांगितलं.

"म्हणजे बोलणी तिनेच खायची आणि जाऊ देही तिनेच म्हणायचं?" नाया म्हणाली. "तो पोरगा बारा वर्षांचा आहे. तू गं किती वर्षांची?"

अठ्ठावन्न. बेंटेला ते सांगवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

"उद्या तिला घेऊन येते," नाया उठली. "राहायचं की सामान न्यायचं, ते तिचं ती ठरवेल."

शुक्रवारी इवालू दाराशी जाकीट न काढताच उभी राहिली. बेंटे वर्गापुढे आली.

"आस्गर, तू इवालूच्या आईबद्दल बोललास ती थट्टा नव्हती. तो द्वेष होता. माझ्या वर्गात तो चालणार नाही."

आस्गर लालबुंद झाला. "पण तूच तर म्हणालीस, जाऊ दे!"

"हो, मीच म्हणाले," बेंटे म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला वाटलं, चालतं. चूक आधी माझी. इवालू, मी तुझी माफी मागते."

इवालूने आपला कप्पा उघडला आणि एकेक वही पिशवीत भरायला घेतली.

"तेव्हाच का नाही बोललीस?" तिने विचारलं.

खोटं बोलायची सोयच उरली नव्हती. "शुक्रवार खराब होईल म्हणून," बेंटे म्हणाली.

इवालूने पिशवी खांद्याला लावली.

"माझा तर झालाच होता ना," ती म्हणाली, आणि बाहेर आई उभी होती तिकडे गेली.