मंगळवारची जागा

गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नाही म्हणून कार्व्हर्स लँडिंगचे दुकानदार वर्षानुवर्षं गळा काढत आले होते, आणि त्या जागा अडवून बसलेल्या गाड्या त्यांच्या स्वतःच्याच होत्या. कुंपणच शेत खात होतं आणि वर पीक बुडालं म्हणून बोंबही तेच मारत होतं. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. जिनिव्हा स्ट्राउडला तर कापडाच्या दुकानाच्या खिडकीतून रोज दिसायचं, आणि रोज नव्याने शिसारी यायची.

मेन स्ट्रीटवर दोन तास फुकट, पुढे दंड, असा जुना नियम होता. नगरपालिकेची बाई यायची, एकेका चाकावर खडूची रेघ मारून जायची आणि दोन तासांनी परत येऊन ज्या चाकावरची रेघ जागच्या जागी असेल, त्या गाडीला चिठ्ठी लावायची. बाई कोपऱ्यावर वळताना दिसली की न्हाव्याकडून शेजारच्या दुकानात फोनची एकच रिंग जायची, तिथून पुढच्या दुकानात, आणि बघता बघता सगळी बाजारपेठ रस्त्यावर. कोणी ओल्या फडक्याने चाक पुसतोय, कोणी गाडी हातभर पुढे घेतोय, सोनार आणि औषधवाला आपसांत जागा बदलतायत. बाई गेली की मंडळी आत जाऊन पुन्हा उसासे टाकायला मोकळी. हायवेवरच्या मॉलने आपला धंदा खाल्ला म्हणे.

जिनिव्हा यात कधी नव्हती. तिची गाडी टेकाडावरच्या चर्चमागे असायची. दुकानाचं दार आपलं, पण दारापुढची जागा गिऱ्हाइकाची, हे तिच्या आईने तिला शिकवलं होतं, दुकान आईचंच. पण शेजाऱ्यांना ती कधी एका शब्दानेही बोलली नव्हती. बर्फ पडला की फावडी एकमेकांची लागतात. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं?

दर मंगळवारी सकाळी तिच्या दुकानात गोधड्या शिवायला बायका जमत. दुकान तगून होतं ते त्या बायकांच्या जिवावर, आणि बायका जमत त्या मिस ओपल ट्रिंबलसाठी. ऐंशी केव्हाच उलटलेली ही बाई शेवटचे हातटाके असे घालायची, की बाकीच्या नुसत्या बघत बसायच्या. गुडघे गेलेले, नवरा गेलेला, तरी गावच्या रीतीने मानाची 'मिस'. डॉक्टरने बाजारापर्यंतच गाडी चालवायची परवानगी दिलेली. आठवड्यातून तेवढंच एक बाहेर पडणं. आपली लांबलचक हिरवी गाडी घेऊन ती दुकान उघडायच्या आधीच येऊन बसायची, म्हणजे दारातली जागा मिळेल. ती जागा गेली की मिस ओपल गेली, एवढा साधा हिशोब होता.

आणि मग कौन्सिलने मेन स्ट्रीटवर आणि नदीच्या धक्क्यावर पैसे घेऊन पार्किंग करायचं ठरवलं. छोटा स्क्रीन असलेले खांब येणार, पैसे फोनवरून भरायचे, आणि खडूवाल्या बाईच्या जागी नंबर टिपणारी कॅमेऱ्याची गाडी फिरणार. दुकानदारांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांचा अध्यक्ष रँडल किट्रिज, तोच सोनार, कौन्सिलच्या जाहीर सभेच्या आधी जिनिव्हाकडे आला.

"आम्ही बोललो तर म्हणतील, आपल्या गल्ल्यासाठी ओरडतायत. मिस ओपल बोलल्या तर कोणाची टाप आहे?"

"त्यांना कशाला ओढतोस यात?"

"ओढत नाही गं बाई. हे बघ, पैसे लागलेच, तरी मंगळवारी तुझ्या दारातली जागा त्यांच्यासाठी मोकळी राहील. ते मी मागून घेतो. माझा शब्द."

किट्रिजांचा शब्द म्हणजे काय, हे जिनिव्हाला माहीत होतं. तरी तिने तो घेतला. काय बोलायचं ते मिस ओपलला तिनेच दोनदा समजावून सांगितलं.

सभेत मिस ओपल रविवारची टोपी घालून वॉकर धरून उभी राहिली. "माझी लग्नाची अंगठी याच रस्त्यावरची, रँडलच्या आजोबांकडची," ती म्हणाली. "आता मला दुसरं काही नको. दारापर्यंत गाडी नेता यावी, बस." रँडलने रुमाल काढून डोळे टिपले.

तडजोड झाली. पैसे लागणार; पण दुकानदारांची अडचण लक्षात घेऊन त्यांना निळं स्टिकर मिळणार. ते लावलं की मेन स्ट्रीटवर कुठेही, दिवसभर. म्हातारीचे शब्द, सोनाराचं स्टिकर. रँडलने बाहेर पायऱ्यांवरच जिनिव्हाच्या हातात तिचं स्टिकर ठेवलं.

"आणि मंगळवारची जागा?"

"अगं, असल्या गोष्टी कागदावर आणल्या की अडकतात. मी आहे ना."

घरी जाऊन तिने ते स्टिकर दोन दिवस टेबलावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी काचेवर लावलं. सगळ्यांच्या गाड्या उभ्या राहणारच आहेत, मग आपणच का त्या टेकाडावरून घसरत यायचं? आपलं दार मोकळं सोडलं म्हणजे झालं. ती बेकरीसमोर गाडी लावू लागली, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं तिला.

खांब सुरू झाल्यावरचा पहिला मंगळवार. जिनिव्हा शटर वर करते तो दारात रँडलचा काळा ट्रक, काचेवर निळं स्टिकर. ती तशीच त्याच्या दुकानात गेली.

"ट्रक काढ, रँडल. आज मंगळवार आहे."

"आज मंगळवार होय? काढतो की. आतमध्ये पार्टी बसलीय, दहा मिनिटं दे."

दहा मिनिटं गेली, तासही गेला. बायका आल्या, गोधडीची चौकट लागली, सुया ओवल्या गेल्या. मिस ओपलची खुर्ची रिकामी. मग दारावरची घंटी वाजली आणि ती आत आली. टोपी एका बाजूला, ओठ पांढरे, शिवणाची पिशवी नाही. दोन बायकांनी धरून तिला बसवलं.

"नदीवर लावली गाडी, जुन्या धक्क्यापाशी," दम खात ती म्हणाली. "पिशवी तिथेच राहिली. वॉकरला दोन्ही हात लागतात. तिथलाही खांब पैशासाठी फोन मागतो गं. माझा फोन स्वयंपाकघरातल्या भिंतीवर आहे, आता तो कुठून आणू?"

जिनिव्हाने पाणी आणलं. मिस ओपल पेला दोन्ही हातांनी धरून ते प्यायली.

"जिनिव्हा, तिथे सभेत तू सांगितलंस तेच बोलले ना मी? काही चुकलं का माझं?"

"नाही, मिस ओपल. काही नाही चुकलं."

"मला आपलं वाटलं, चुकलं असेल. दोन फेऱ्या मारल्या मी. बेकरीसमोर लांबून जागा दिसल्यासारखी वाटली. जवळ जाते तर तुझी गाडी. म्हटलं, कामात असेल पोरगी, कशाला उठवा."

टोमणा असता तर जिनिव्हाने सोसला असता. टोमणा नव्हता. म्हातारीला खरंच वाटत होतं की जिनिव्हा कामात असेल. आजवर जी किळस तिने खिडकीतून बाहेर टाकली होती ती आता तिच्याच घशाशी आली. हिच्या तोंडाने आपण बोललो आणि मग हिच्याच जागेवर जाऊन बसलो. रँडलमध्ये आणि आपल्यात फरक एवढाच, की आपल्याला रुमाल लागला नाही.

तिने टेबलावरचा कापडावर खुणा करायचा पांढरा खडू उचलला आणि बाहेर पडली. बेकरीसमोर गुडघ्यांवर बसून फुटपाथच्या कडेला, आपल्या गाडीशेजारी, ठळक अक्षरांत लिहिलं: ही गाडी जिनिव्हा स्ट्राउडची, कापडाचं दुकान. सकाळपासून इथेच. मग उठून आपल्या दारापुढे आली आणि ट्रकशेजारी लिहिलं: हा ट्रक किट्रिज सोनाराचा. सकाळपासून इथेच. मग औषधवाल्याची गाडी. मग न्हाव्याची. कोणाची कोणती, हे तिला कोणाला विचारावं लागलं नाही. दोन पर्यटक बायका मागे थांबून वाचत होत्या.

रँडल धावत बाहेर आला. "अगं, लाज आहे का? लोक वाचतायत."

"लोकांसाठीच लिहितेय."

"मिस ओपलची दंडाची चिठ्ठी आली की मला दे. मी मिटवतो ते."

"तुझ्या आजोबांची अंगठी आहे तिच्या बोटात. तीही मिटव."

तेवढ्यात न्हाव्याच्या दुकानात कोणीतरी फोन उचलला असावा. एक रिंग शेजारी वाजली, मग त्याच्या शेजारी, आणि जुन्या सवयीने सगळी बाजारपेठ ओली फडकी घेऊन रस्त्यावर आली. भराभरा गुडघ्यांवर बसून मंडळी आपापली नावं पुसू लागली. रँडलही वाकला. इतक्या वर्षांत या माणसांनी आपल्या दुकानापुढची जागा इतक्या मनापासून कधी झाडली नव्हती.

बेकरीसमोरचं पुसायला कोणी आलं नाही.

जिनिव्हाने स्टिकर नखांनी खरवडून काढलं आणि आपली गाडी चर्चमागे नेऊन ठेवली. धक्क्यावरून मिस ओपलची हिरवी गाडी आणून बेकरीसमोर लावली, आपल्या फोनवरून पैसे भरले आणि पिशवी आत नेऊन दिली. दुपारी बायका उठल्या तेव्हा ती मिस ओपलला हाताला धरून गाडीपर्यंत घेऊन आली. फुटपाथच्या कडेची ओळ मिस ओपलने वाचली, सावकाश, चष्मा पुसून.

गाडीत बसल्यावर म्हणाली, "पुढच्या मंगळवारपासून सगळ्याजणी माझ्या घरीच या. दारात भरपूर जागा आहे. कापड मात्र तूच आण हो."

"आणते," जिनिव्हा म्हणाली. तिने वॉकर घडी करून मागच्या सीटवर ठेवला आणि दार लावलं.

हिरवी गाडी हळूहळू वळणाआड गेली. जिनिव्हा आपल्या दारापर्यंत पोचलीही नव्हती, तोवर औषधवाल्याने आपली गाडी काढून बेकरीसमोरच्या मोकळ्या झालेल्या जागेत आणून लावली. त्याच्या आधीच्या जागेवर दुपारचं ऊन येत होतं, आणि बेकरीसमोर सावली होती.