बसून खाणारे दोघे

मी एक जुना फ्रीज आहे. एका दाराचा, फिकट निळा, खालच्या कोपऱ्यात पोचा आलेला. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, फ्रीजची कसली आली आहे जीवनकथा? त्याने थंड बसावं, एवढंच त्याचं काम. कबूल. पण जो थंड बसतो त्याला घरातलं सगळं दिसतं. माणसं माझ्यासमोर येतात, दार उघडतात आणि आत काय आहे ते बघताना घटकाभर आपला चेहरा सांभाळायला विसरतात. असे चेहरे मी जन्मभर पाहत आलो, म्हणून मला बोलायचा थोडा हक्क आहे असं मी समजतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, रंगवला, पोटात नळ्या बसवल्या, त्यात गॅस भरला आणि एका कामगाराने पाठीला कान लावून माझी पहिली घरघर ऐकली. तिथून मी दुकानात आलो. शेजारी दोन दारांचे ऐटबाज फ्रीज उभे होते. त्यांना मी खिजगणतीतही नव्हतो. गिऱ्हाईक माझी किंमत विचारायचं आणि त्यांच्याकडे वळायचं.

मग एक दिवस एक काटकुळा माणूस आला. घरोघर फिरून विजेचे मीटर वाचायचे, ही त्याची नोकरी. दुकानदार त्याला रंग दाखवत होता, कप्पे दाखवत होता, पण याचा आपला एकच प्रश्न, "हा खातो किती?" शेवटी दुकानदाराने हात टेकले आणि मला चालू करून दिलं. हा गृहस्थ दुकानाच्या मीटरसमोर जाऊन उभा राहिला, आतली चकती किती वेगाने फिरते ते बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, हाच द्या. मला हातगाडीवर घातलं तेव्हा तो घरापर्यंत माझ्या पाठीवर हात ठेवून चालत आला. हाच माणूस पुढे आजोबा झाला. मी त्यांना आजोबाच म्हणणार आहे.

माझे सुरुवातीचे दिवस फार मानाचे होते. आजी तेव्हा होती. तिने माझ्या डोक्यावर घालायला फुलाफुलांचं कापड शिवलं. शेजारीपाजारी बर्फ मागायला येत आणि जाताना माझ्याकडे कौतुकाने बघून जात. त्यांचा मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकून आधी माझं दार उघडायचा आणि नुसता उभा राहायचा. आजी ओरडायची, "अरे, बंद कर, तो काय पंखा आहे?" आजोबा मात्र उठून मीटर बघून यायचे.

पुढे आजी गेली. मुलाचं लग्न झालं, सून आली, नात झाली. आजोबा नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांना साखरेचा आजार जडला. तेव्हापासून माझ्या दारातल्या कप्प्यात इन्सुलिनची बाटली राहायला आली. औषधाच्या दुकानदाराने बजावून सांगितलं होतं की बाटली थंड ठेवा, पण गोठू देऊ नका, गोठली की औषध मेलं. आजोबांनी बाटली दारात ठेवली आणि ती वर्षानुवर्षं तिथेच राहिली. त्यामुळे त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग लक्षात ठेवायची त्यांच्यावर कधी वेळच आली नाही.

मुलगा दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा. किती दिवस लोकांच्या गाड्या चालवायच्या, म्हणून त्याने कर्ज काढून स्वतःचा टेम्पो घेतला. पहिल्याच वर्षी उतारावर ब्रेक लागला नाही आणि टेम्पो पुलाच्या कठड्यावर आदळला. मुलगा वाचला. टेम्पो वाचला नाही. विमा भरायचा राहून गेला होता, हे नंतर कळलं. टेम्पो गेला आणि हप्ते राहिले. मुलगा पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर बसला, आणि आता पगार घरात येण्याआधीच हप्ता त्याची वाट बघत उभा असायचा. हप्ते चुकले तर घर जाणार होतं, कारण कर्जाला घरच तारण ठेवलं होतं.

मग सुनेने पदर खोचला. ती शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणं करायला जाऊ लागली आणि घराचा कारभारही तिने हातात घेतला. संध्याकाळी एकाच खोलीत दिवा लावायचा आणि सगळ्यांनी तिथेच बसायचं. साबणाची वडी दोऱ्याने कापून अर्धी अर्धी वापरायची. बसचा पास बंद, कारखान्यापर्यंत पायी. चहा बिनदुधाचा. मुलाचे केस ती स्वतःच कापायची, आणि ते असे कापायची की तो दोन दिवस टोपी घालून हिंडायचा. त्यावर सगळे हसायचे. तेव्हा घरात हसायला अजून परवडत होतं.

पण सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. पोटाला चिमटा काढूनही हप्त्याला थोडे कमीच पडायचे. मग वस्तू जाऊ लागल्या. आधी टीव्ही गेला. मग सोफा, मग आरशाचं कपाट, मग सुनेच्या अंगावरचं किडूकमिडूक. नातीची सायकल गेली तेव्हा तिने हट्ट केला नाही. तिने घंटी तेवढी काढून घेतली आणि विकत घेणाऱ्याला सांगितलं की ती आधीपासूनच नव्हती. प्रत्येक वस्तू जाण्याआधी सून तिला घासूनपुसून लख्ख करायची. वस्तू गेली की जमिनीवर तिच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उरायचा. अशा चौकोनांनी घर भरत गेलं. माझ्याही पोटात आता अर्धा लिंबू, पाण्याची बाटली आणि औषधाची बाटली, एवढंच असायचं.

एका रविवारी माझा नंबर लागला. मुलगा म्हणाला, आता विकण्यासारखा फ्रीजच उरलाय. आत ठेवायला तरी काय आहे? वीज मात्र खातोय.

सुनेने भांडी घासता घासता मान वर केली नाही. "फ्रीज जाणार नाही," ती म्हणाली. "बाबांचं औषध कुठे ठेवायचं? त्यांच्यासाठी तो चालू ठेवावाच लागेल. बिल येईल ते येईल."

मला केवढा धीर आला म्हणून सांगू! तिने ते प्रेमाने म्हटलं होतं. पण पलीकडच्या खोलीत आजोबा पडले होते आणि त्यांनी त्यातलं फक्त बिल ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सगळे कामाला आणि शाळेला गेल्यावर त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसले. बराच वेळ माझी घरघर ऐकत राहिले. आयुष्यभर मीटर वाचलेला माणूस तो. घरातला कोणता दिवा किती खातो हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि चोवीस तास खाणारा मी एकटाच होतो हेही.

"बाबा रे," ते मला म्हणाले, "या घरात सगळे राबतात. तू आणि मी, दोघेच बसून खातो."

आणि त्यांनी माझा स्विच बंद केला.

पहिल्या दिवशी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत मी घटकाभरही झोपलो नव्हतो. पण ते रोजचंच झालं. घर रिकामं झालं की आजोबा मला बंद करायचे आणि नात शाळेतून यायच्या आत चालू करायचे. उन्हाळा तापत होता. माझ्या दाराचं रबर म्हाताऱ्याच्या हिरड्यांसारखं ढिलं झालेलं, त्यामुळे दुपारपर्यंत माझ्या पोटात बाहेरच्यासारखाच उकाडा व्हायचा. आजोबांना हे समजत नव्हतं असं नाही. दिवसाची धग भरून काढावी म्हणून चालू करताना ते माझं बटण शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवायचे. आणि औषधाची त्यांना सगळ्यात जास्त काळजी. त्यांनी बाटली दारातून काढली आणि वर बर्फाच्या कप्प्याला अगदी चिकटवून ठेवली. जितकं गार तितकं चांगलं, असा त्यांचा हिशोब. त्या औषधाला हात फक्त तेच लावायचे, त्यामुळे बाटलीची जागा बदललेली कुणाच्या लक्षात आली नाही.

रात्री ती बाटली गोठायची. सकाळी सगळे गेले की मी बंद, आणि ते सुई भरेपर्यंत ती वितळलेली असायची. दिवसा तापायची आणि पुन्हा रात्री गोठायची. मला सगळं दिसत होतं. मी घरघरलो, खडखडलो, एकदा तर अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून थरथरलो. नात म्हणाली, हा आता गेलाच वाटतं. आजोबा म्हणाले, म्हातारं झालंय गं ते, कुरकुरणारच.

महिना उलटला आणि बिल आलं. सुनेने ते दारातच वाचलं, पुन्हा वाचलं आणि नवऱ्याला हाक मारली. बिल एवढं उतरलं होतं की त्या महिन्याचा हप्ता पहिल्यांदाच कुणाकडेही हात न पसरता पुरा झाला. "बघितलंत?" ती म्हणाली. "दिवे जपून वापरले की किती फरक पडतो ते." त्या संध्याकाळी तिने सगळ्यांच्या चहात दूध घातलं. आजोबा एका कोपऱ्यात कप धरून बसले होते. बढती मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मी त्यांना इतकं सुखी आजी गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, इथे गोष्ट संपली असती तर मीही तुम्हाला काटकसरीचा धडा देऊन मोकळा झालो असतो.

पण आजोबा वाळत चालले. सारखी तहान लागायची. माझ्यातली पाण्याची बाटली काढून ते उभ्या उभ्या रिकामी करायचे. डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून भिंत धरून चालायचे. पायाला चपलेचा साधा चावा झाला होता, तो भरेना. ते जखमेवर मोजा चढवून बसायचे. एकदा सुनेने मोजा काढायला लावला आणि चिघळलेली जखम तिला दिसली. मग तिला संशय आला. साखरेचा डबा तिने उघडून पाहिला, परत लावला आणि सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, खरं सांगा. आम्ही नसताना साखर खाता का?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. खरं म्हणजे त्यांनी साखरेचा कणही तोंडात घातला नव्हता. आपल्याला काय होतंय हे त्यांनाही कळत नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर लगेच डॉक्टर आला असता, आणि डॉक्टर म्हटला की खर्च आला.

"खातो कधी कधी," ते म्हणाले. "जीभ राहत नाही."

सून रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने साखरेचा डबा उचलून कपड्यांच्या पेटीत कुलपात ठेवला आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्याला बांधली. त्यानंतर आजोबा स्वयंपाकघरात आले की ती कामात असली तरी त्यांच्यावर नजर ठेवायची. शर्टांच्या कारखान्यातून दमून आलेली बाई, तिने आणखी काय करायचं? आणि आजोबा, ज्यांनी आयुष्यात कुणाची काडी चोरली नाही, ते चोरासारखे खाली मान घालून पाणी पिऊन जायचे. दुसऱ्या दिवशी सगळे गेले की पुन्हा माझा स्विच बंद.

एका संध्याकाळी नात घरी आली तेव्हा ते माझ्यासमोर जमिनीवर पडलेले होते. हात स्विचच्या दिशेला होता. तिला वाटलं, पाणी घ्यायला आले असतील. शेजाऱ्यांनी त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. पुढचं मी ऐकलेलं सांगतो. डॉक्टरांनी विचारलं, गोड खात होते का? मुलगा म्हणाला, हो, त्यांनी स्वतःच कबूल केलं होतं. मग औषध कुठे ठेवता, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. पाय काढायचं ठरत होतं, तेवढ्यात आजोबाच गेले.

दवाखान्याचं बिल भरायला पुन्हा घरावरच नवीन कर्ज काढावं लागलं. जुनं संपत आलं होतं. आगीतून निघाले आणि फुफाट्यात पडले. आणि या वेळी विकायला माझ्याशिवाय घरात काही उरलं नव्हतं. दोन हप्ते चुकले आणि घर रिकामं करायची तारीख येऊन थडकली.

मला विकायला आता कुणाचीच हरकत नव्हती. सुनेने मला आतून-बाहेरून धुतलं, कोपऱ्यातला पोचाही पुसला. बर्फाच्या कप्प्याखाली तिला औषधाची बाटली सापडली. तिने ती उजेडात धरली. आत पांढरे कण तरंगत होते. ती थोडा वेळ बघत राहिली, मग तिने बाटली कचऱ्यात टाकली आणि डोळे पुसले. आपण त्या माणसाला शेवटचे दिवस साखरचोर ठरवलं, एवढंच तिला खात असावं. ते चोर नव्हतेच, हे तिला आजही माहीत नाही. ते सांगू शकेल असं त्या घरात कुणी नव्हतं. होतो तो मी, आणि माझं तुम्हाला माहीतच आहे.

विकत घेणारा जुन्या वस्तूंचा व्यापारी होता. त्याने दार उघडून पाहिलं, रबर चाचपलं, नाक मुरडलं. जुना आहे, म्हणाला, वीज फार खात असेल.

"छे हो," सून म्हणाली. "अजिबात नाही. शेवटी शेवटी तर बिल जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. हवं तर दाखवते."

तिने खरंच बिल आणून दाखवलं. व्यापाऱ्याने ते पाहिलं आणि आधी सांगितल्यापेक्षा थोडे जास्त पैसे दिले. माझी ती शेवटची स्तुती.

आता मी त्याच्या दुकानात मागच्या भिंतीला उभा आहे, पोट रिकामं, वायर गुंडाळून पाठीला बांधलेली. मित्रांनो, आमच्या जातीच्या म्हाताऱ्यांनी शेवटी सांगायचं असतं की वस्तू जपून वापरा, पुसत जा, रबर वेळेवर बदला. तुम्ही ते कराल, याची मला खात्री आहे. मला दुसरंच मागायचं आहे. तुमच्या घरी कुणाचं औषध फ्रीजमध्ये असेल, तर आज घरी गेल्यावर त्या माणसाजवळ जाऊन बसा. त्याला स्पष्ट सांगा, की तुमच्या विजेचे पैसे आम्हाला जड नाहीत. जड असले, तरीही असंच सांगा.