वरच्या मजल्याचा भार

"बाई, तुळया दमल्यात," इंजिनियर फळ्यांच्या जमिनीवर पाय आपटत म्हणाला. "इथली अर्धी पुस्तकं गावाबाहेरच्या गोदामात टाका. बरोबर पंधरा दिवसांनी येतो. भार उतरला नसला, तर मजल्याला कुलूप."

"गोदामात वाचणार कोण, उंदीर?" ग्रंथपालबाई कडाडल्या.

जुन्या न्यायालयाच्या या इमारतीत वाचनालय आलं, त्याला साठ वर्षं झाली होती. त्यातली एकतीस बाईंची. न्यायाधीश गेले तरी दरारा जागेवर होता. पंधरा दिवस उलटले की वाचकाच्या घरी बाईंचं ताकीदपत्र पोचलंच म्हणून समजा. कोपऱ्यावरचा न्हावी तर आधी पुस्तक परत करून मग स्वतःच्या लग्नाला गेला होता.

त्याच बाई त्या संध्याकाळी दारात उभ्या राहून ओरडत होत्या, "न्या! दहा न्या, वीस न्या!" लोक आधी बिचकले, मग पिशव्या, टोपल्या, बाबागाड्या घेऊन लोटले. अंधार पडायच्या आत वरची कपाटं निम्मी रिकामी झाली. बाईंना ते बघवत नव्हतं, पण गोदाम टळलं म्हणून जीव भांड्यात पडला.

इंजिनियर यायच्या दिवशी सकाळी त्या आल्या, तर दारात ही लांब रांग! हातांत त्याच पिशव्या.

"हे काय?"

"आज पंधरावा दिवस ना, बाई," निवृत्त मास्तर अदबीनं म्हणाले.

बाईंनी त्यांचं पुस्तक उघडलं. आत आजच्या तारखेचा शिक्का, त्यांनीच मारलेला. दुसऱ्यातही तोच. एकतीस वर्षांची सवय, हात आपोआप चालला होता.

"परत न्या! हात जोडते, घरी न्या!"

"आणि ताकीदपत्र?" न्हाव्याचा चेहरा पडला.

तेवढ्यात इंजिनियर आला आणि तडक वर गेला. बाईंनी पेन काढलं, मास्तरांच्या पुस्तकातली तारीख खोडली आणि लिहिलं, 'सवडीनं आणा.' मग पुढचं पुस्तक, मग त्याच्या पुढचं.

इंजिनियर खाली आला. "भार उतरलाय. पण कायम एवढाच राहायला हवा हं."

"राहील," बाई म्हणाल्या.

"मग हे मी तिसऱ्यांदा वाचू?" मास्तरांनी भीत भीत विचारलं.

"आडवं पडून वाचा!"

रांग हसत पांगली. दुपारी बाई वर गेल्या. कुठलं पुस्तक कुणाकडे आहे, ते त्यांना पाठ होतं. कधी येईल, ते मात्र ठाऊक नव्हतं. थोडं रडू आलं. मग पदरानं डोळे पुसून त्यांनी एकेक रिकामी फळी झाडायला घेतली.